सस्तन प्राण्यांचे जीवाश्म आणि जुनं हवामान: यात करिअर होतं का?

मांजराकाठचा

नमस्कार. मी नांदेडला टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय जिऑलॉजी. गाव बिलोली तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती, बाबा झेडपीच्या शाळेवर शिक्षक.

सेमिनारसाठी विषय शोधताना २०१२ सालचा एक पेपर हाती लागला. ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचं तापमान झपाट्याने वाढलं होतं, त्या वेळच्या अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या घोड्यांवर तो आहे. हे घोडे मुळातच पाच-सहा किलोचे, म्हणजे चांगल्या पोसलेल्या बोक्याएवढे. तापमान चढत गेलं तसे ते आणखी सुमारे ३० टक्क्यांनी लहान झाले आणि पुढे गारवा आल्यावर परत वाढले. हे सगळं दाढा मोजून काढलंय! तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

आमचे सर म्हणतात, गेट परीक्षा दे, तेल कंपनी नाहीतर भूजलात जा, जीवाश्मांवर पोट भरत नाही. बाबांचं म्हणणं, आधी बी.एड. करून ठेव. मला विचारायचंय की भारतात राहून हे काम करणारी माणसं नेमकी दिवसभर काय करतात? बारावीनंतर बायॉलॉजी सुटलं, ते आडवं येईल का? आणि महाराष्ट्रात तर जिकडे तिकडे लाव्हाचा काळा दगड, त्यात जीवाश्म कुठले? इथल्या मुलाने सुरुवात तरी कुठून करायची?

दाढदुखी

सरांवर रुसू नकोस, त्यांचं पूर्ण चूक नाही. मी याच धंद्यातली. माहेर वाई, जिऑलॉजी पुण्यात, पीएच.डी. शिवालिकच्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांतल्या, जीवाश्मांवर. आता उत्तरेतल्या एका विद्यापीठात शिकवते आणि उरलेल्या वेळात दाढा कोरते. कोरते म्हणजे खरोखरच, डेंटिस्टकडे असतं तसलं ड्रिल घेऊन.

आख्खा प्राणी मिळेल ही आशा आजच सोड. सांगाडे म्युझियममध्ये असतात, आपल्या नशिबी दाढेचा तुकडा, घोट्याचं हाड, फार तर अर्धा जबडा. ‘मला हत्ती आवडतात’ म्हणून आलेली मुलं वर्षभरात कंटाळलेली मी पाहिली आहेत. टिकतात ती एखादा प्रश्न डोक्यात घेऊन आलेली. तुझा घोड्यांचा पेपर म्हणजे असाच प्रश्न आहे: ऊन वाढलं की शरीराचं काय होतं? घोडा निमित्तमात्र.

माझा प्रश्न गवताचा. तुझ्या घरी ज्वारी असेलच. ज्वारी, मका, ऊस आणि उष्ण भागातली बहुतेक गवतं ही मंडळी हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात. झाडं, झुडपं, गहू, तांदूळ दुसऱ्या. त्यामुळे दोन्हींमध्ये जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण वेगळं असतं. जनावर जे खातं त्याची खूण दाढेच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कडक आवरणात, बसते. एनॅमल जवळपास ९६ टक्के खनिज, म्हणून लाखो वर्षं गाडलं गेलं तरी सहसा बिघडत नाही. हाडाचं तसं नाही. ते आजूबाजूचं पाणी पिऊन बदलून जातं, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. एनॅमलची थोडी पूड काढायची, ॲसिडने साफ करायची आणि मास स्पेक्ट्रोमीटरला द्यायची, ते यंत्र जड-हलक्या कार्बनचं प्रमाण काढतं. आकडा उणे आठच्या खाली आला तर प्राणी पाला खात होता, शून्याच्या आसपास आला तर गवत. मध्ये आला तर दोन्ही, आणि मग कॉन्फरन्समध्ये भांडणं.

हे भांडण जुनं आहे. १९८९ मध्ये क्वेड, सर्लिंग आणि बोमन या शास्त्रज्ञांनी पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या शिवालिक थरांतल्या जुन्या मातीचे कंकर, म्हणजे चुन्याचे खडे, तपासले. सुमारे ७०-८० लाख वर्षांपूर्वी झाडझाडोरा मागे पडून गवताळ रानं पसरली, असं त्यात दिसलं. त्यांनी त्याचा अर्थ लावला की मान्सून जोर धरू लागला. पुढे आफ्रिकेत आणि अमेरिकेतही साधारण त्याच सुमाराला तसाच बदल सापडत गेला. मग एकट्या मान्सूनवर कसं ढकलणार? कोणी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडकडे बोट दाखवलं, कोणी लांबलेल्या कोरड्या ऋतूकडे, कोणी वणव्यांकडे. शिवापिथेकस हा ओरांगउटानच्या नात्यातला वानर पोटवारमध्ये साधारण ८५ लाख वर्षांपूर्वी दिसेनासा होतो. फळं देणारं जंगल विरळ झालं की असल्या प्राण्यांचं काय होतं, ते तिथे थरांमागून थर वाचता येतं. तुझ्या-माझ्यासारख्यांना अजून काम शिल्लक आहे ते या वादामुळेच.

आता दिवसभर काय करतो ते. फील्ड पावसाळा संपला की सुरू, ऑक्टोबर ते मार्च. पावसाने उतार धुतले जातात आणि गेल्या साली नव्हतं ते वर येतं. शिवालिकच्या पायथ्याला कोरड्या ओढ्यांना ‘चो’ म्हणतात, त्या चोमधून मान खाली घालून चालत राहायचं. दोनेक दिवसांत नजर बसते: दगडाचा तपकिरी आणि हाडाचा तपकिरी वेगळा दिसायला लागतो. शंका आली तर लोक जिभेला लावून बघतात, सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं. मी लावत नाही, त्या ओढ्यात गुरं बसतात. सापडलं की लगेच उचलायचं नाही. आधी थर कुठला, नकाशावर जागा कुठली, वर-खाली काय आहे ते लिहायचं. ठिसूळ असेल तर ओला कागद लावायचा, वर प्लॅस्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, आणि वाळल्यावर खालून कापून उलटं करायचं. ते उलटं करताना सगळ्यांचा श्वास अडकतो. कागद म्हणून पुस्तकात टॉयलेट पेपर लिहिलेला असतो. गावच्या दुकानात तो मिळत नाही, जुनं वर्तमानपत्र भिजवून फाडलं तरी चालतं.

पण खरं घबाड बारीक दातांत असतं. उंदरांच्या दाढा एक-दोन मिलिमीटरच्या. त्यासाठी मातीची पोती भरून आणायची, भिजत घालायची, चाळणीवर धुवायची, वाळवायची आणि उरलेला चुरा मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशने कण न् कण बघायचा. पोतंभर मातीतून कधी एक दाढ निघते, कधी काहीच नाही. हे ज्याला जमतं त्याने या विषयात यावं. डोंगर चढणं त्यामानाने सोपं आहे, ते कोणालाही आवडतं.

बायॉलॉजीचं मनावर घेऊ नकोस. ॲनाटॉमी शिकता येते, कशी ते विचारलंस तर सांगते.

रोखठोक

सगळं छान, पण पैशाचं कोणीच बोलत नाहीये. मुलगा कोरडवाहू घरातला आहे.

दाढदुखी

बरोबर. घे हिशोब.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेटचा अर्थ सायन्सेसचा पेपर देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. पीएच.डी.त उपाशी मरत नाही, हवं तर घरी थोडे पाठवताही येतात. फक्त ते पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून कोणी कर्ज काढू नये. माझे एकदा अडकले ते पार दिवाळी ओलांडून गेले, तोवर मेसवाल्याने दम धरला म्हणून निभावलं.

खरी खिंड पीएच.डी.नंतर आहे. जागा मोजक्या. लखनौची बिरबल साहनी संस्था, डेहराडूनची वाडिया, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, रुरकी-खरगपूरच्या आयआयटी, पुण्यात आघारकर आणि डेक्कन कॉलेज, शिवाय जीएसआय, म्हणजे केंद्राचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं. कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या जागा निघतात तेव्हा निघतात. माझ्याबरोबरचे काही भूजल सर्वेक्षणात गेले, काही तेलात, एकजण पीक विम्याचे नकाशे करतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. म्हणून मी मुलांना सांगते, सोबत एक विकाऊ हुन्नर ठेवा: आयसोटोप (ते जड-हलका कार्बन मोजणं), जीआयएस (संगणकावरचे नकाशे) नाहीतर आकडेशास्त्र. त्यावर जीवाश्मांचं कामही चांगलं होतं आणि वेळ आली तर दुसरीकडे भाकरीही मिळते. बी.एड. मात्र आत्ता करत बसू नकोस, बाबांना माझा नमस्कार सांग.

सेमिनरी हिल्सवाले काका

मी जीएसआयमधून रिटायर झालो, नागपूरलाच असतो. दाढदुखीताई म्हणतात प्रश्न घेऊन ये. मी म्हणतो, बेटा, पहिले नकाशा शिक. ज्याला थर ओळखता येत नाही त्याच्या हातात सोन्याचं हाड दिलं तरी ते दगडच. आजकालचे पोट्टे लॅबमधून आकडा घेऊन येतात अन् विचारलं की हा नमुना कोणत्या थरातला, तर मोबाइल बघतात.

सरकारी रस्ता असा. एम.एस्सी. जिऑलॉजी झाल्यावर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा: पूर्व, मुख्य, मुलाखत. निवड झाली की पगार चांगला, पण पोस्टिंग आपल्या मर्जीचं नसते हे समजून घे. खातं १८५१ साली मुळात कोळसा शोधायला उभं राहिलं, आजही खनिज अन् मॅपिंगलाच पहिला मान. पॅलिऑन्टॉलॉजीत, म्हणजे जीवाश्मांच्या कामात, जायला मिळेल, नाही मिळेल. मला उशिरा मिळालं. तोपर्यंत दरडी, क्रोमाइट, काय काय केलं. पण त्या वर्षांत पाय पक्के झाले ते पुढे कामी आले.

आता काळ्या दगडाचं. लाव्हा एका दमात नाही आला रे. एक थर येऊन गेला की मध्ये काही काळ शांतता, तेवढ्यात तळी साचली, गाळ बसला, शंख, मासे, झाडं त्यात अडकली, मग वरून पुन्हा लाव्हा. त्या मधल्या गाळाला इंटरट्रॅपियन म्हणतात. आमच्या नागपूरची टाकळी, जी आता शहरातच आली, तिथले जीवाश्म स्टीफन हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्याने १८५०च्या दशकात गोळा केले. हा माणूस १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून गेला. आमच्या इथल्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे माहीत असेल, शंकाच आहे. पण १९८८ मध्ये गुंटुपल्ली प्रसाद अन् अशोक साहनी यांना तेलंगणात विकाराबादजवळच्या नासकलच्या इंटरट्रॅपियनमध्ये डायनोसॉरच्या काळातल्या एका सस्तन प्राण्याच्या चिमुकल्या दाढा मिळाल्या. भारतातला त्या काळचा तो पहिलाच सस्तन. नाव ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. दख्खन पण आलं अन् हिस्लॉप पण.

अन् ताईंचं गवत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे डायनोसॉरचं शेण दगड होऊन पडलेलं असते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग अन् साथीदारांनी ते फोडून आत गवताचे सिलिकाचे कण दाखवले. तोपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे मानायला लोक तयार नव्हते. म्हणजे गवत आपल्या विदर्भात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच हजर, अन् शिवालिकमध्ये रान व्यापायला ८० लाख वर्षांपूर्वीपर्यंत थांबलं. इतका वेळ काय करत होतं? हा प्रश्न मी रिटायर होईपर्यंत मला पडला होता, उत्तर तू शोध.

एक सांगणं. पिसदुऱ्याला गेलास तर उचलून घरी आणू नको. वावरं लोकांची आहेत, अन् जागेची नोंद नसलेला जीवाश्म शोकेसमध्ये ठेवायच्याच कामाचा.

मांजराकाठचा

ताई, काका, खूप आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ३७,००० वर ते थोडे थांबले, बी.एड.चा विषय सध्या तरी बंद आहे.

ताई, ॲनाटॉमी कशी शिकायची ते सांगा. आणि आमच्या भागात बघण्यासारखं काहीच नाही का? नागपूर लांब पडतं.

दाढदुखी

काही नाही कसं? नावात मांजरा लावून बसलायस! मांजरा, गोदावरी, प्रवरा या नद्यांच्या काठी जुन्या गाळाचे थर आहेत, आणि त्यांत हत्ती, रानबैल यांची हाडं मिळालेली आहेत. डेक्कन कॉलेजात जी. एल. बदाम यांच्यापासून या हाडांवर काम होत आलंय. हा काळ शिवालिकच्या मानाने अगदी परवाचा, पण हवामानाच्या दृष्टीने मजेदार. नर्मदेच्या खोऱ्यात तेव्हा पाणघोडे होते. जळगाव जिल्ह्यात पाटणे गावी पुरातत्त्वज्ञ साळींनी उत्खनन केलं, तिथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली, कोरलेली. खानदेशात शहामृग पळत होते तेव्हा तिथला पाऊस कसा असेल? पाणघोड्याला बारमाही डोह लागतो, शहामृगाला मोकळं कोरडं रान. हे दोन्ही प्राणी आता भारतात नाहीत, आणि ते का गेले याचं एकच एक उत्तर कोणाकडे नाही.

आणखी एक सांगते, कारण सगळ्यांना वाटतं या धंद्यात स्वतः खणून काढलं तरच खरं. जम्मूतल्या कालाकोटला रंगाराव नावाच्या भूवैज्ञानिकाने जीवाश्म गोळा केले होते, १९७१ मध्ये त्यातल्या एका छोट्या खुरवाल्या प्राण्याला इंडोह्यूस नाव दिलं. ते वारल्यावर बरेचसे दगड न फोडता तसेच राहिले. त्यांच्या पत्नीने ते जपले आणि पुढे अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. साफसफाई करताना एक कवटी चुकून मोडली आणि आत कानाचं हाड दिसलं, ज्याची जाड कड फक्त देवमाशांत असते. २००७ मध्ये ते छापून आलं: देवमाशांचे जवळचे नातेवाईक म्हणजे हरणाच्या चणीचा, पाण्यात वावरणारा हा प्राणी. सगळा शोध खोक्यात पडून होता. जुन्या कपाटांवरची धूळ झटकायला लाजू नकोस, तिथे गर्दीही कमी असते.

आता ॲनाटॉमी. खाटकाकडे जा आणि बोकडाची मुंडी माग. सांगून ठेव की जबडा फोडायचा नाही. घरच्या पातेल्यात उकळू नकोस, आई हाकलून देईल. पत्र्याचा डबा घे, अंगणात तीन दगडांची चूल कर. मंद आचेवर ठेवायचं, पाण्यात चिमूटभर कपड्यांची पावडर. खळखळ उकळलं तर दात तडकतात. मांस सुटलं की जुन्या टूथब्रशने साफ कर, सावलीत वाळव. मग वहीत खालच्या जबड्याची एक बाजू काढ: पुढच्या तीन दाढा, मागच्या तीन. वरून बघशील तर प्रत्येक मागच्या दाढेवर चंद्रकोरी दिसतील, शेवटचीला एक खण जास्त. वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत हेही बघ, ते पुस्तकात शंभरदा वाचून लक्षात राहत नाही. बोकड झाला की डुकराची बघ, मग गाईची. पुढेमागे कोणी शिवालिकमधलं हरीण हातात दिलं की तुला ते ओळखीचं वाटेल.

गाईची दाढ मिळाली तर उंची मोज. उंच दाढ वरून खालपर्यंत तयार व्हायला महिनोन् महिने लागतात, त्यामुळे तिच्या अंगावर आडव्या बारीक चऱ्या घेत गेलं की जड-हलक्या ऑक्सिजनच्या आकड्यांत उन्हाळा आणि पावसाळा ओळीने उतरलेले दिसतात. एकाच जनावराने प्यायलेलं सालभराचं पाणी. मला हा विषय सुटला नाही तो यापायीच.

सेमिनरी हिल्सवाले काका

अन् टोपोशीट, म्हणजे चढ-उतार दाखवणारा नकाशा, वाचायला शिक, मी पुन्हा सांगतो.

मांजराकाठचा

मुंडी आणली. खाटीक म्हणाला, आख्खी कोण नेतं, भेजा काढायला आम्ही फोडूनच देतो. दहा रुपये जास्त घेतले. आईने चूल गोठ्याच्या पलीकडे मांडायला लावली.

ताई, खालच्या जबड्यात तुम्ही म्हणालात तशी तीन खणांची शेवटची दाढ दिसतच नाही. तिथे हाडाला भोक आहे आणि आत काहीतरी पांढरं अडकलंय. मी जास्त उकळलं का?

दाढदुखी

अजिबात नाही, ती दाढ अजून उगवलेलीच नाही. शेळीची शेवटची दाढ साधारण दीड-दोन वर्षांची झाल्यावर वर येते, म्हणजे तुझा बोकड त्याच्या आतला. खाटकाला वय विचारून घे आणि आजची तारीख, गाव, नर की मादी, हे सगळं कागदावर लिहून जबड्याला दोऱ्याने बांध. मग फोटो टाक. एक वरून, एक बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून.